आप्पांची दातखिळी: पऱ्हाटीच्या खुंटापासून नसेच्या टोकातल्या व्हेसिकलपर्यंत, एका केसचा अभ्यास

पेशंट आणि त्यांच्या घरच्यांना विचारून लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. मी अमळनेर-पारोळा पट्ट्यात जनरल प्रॅक्टिस करतो. धनुर्वात आता फार बघायला मिळत नाही, नवीन डॉक्टर पोरांनी तर कित्येकांनी एकही केस बघितलेली नसते, म्हणून ही नीट लिहून ठेवतोय. आणि दुसरं म्हणजे या केसमध्ये मला पहिल्यांदा कळलं की पेशीच्या आतली व्हेसिकलची, म्हणजे बारीक थैल्यांची, भानगड, जी आम्ही फर्स्ट इयरला पाठ करून सोडून दिली होती, ती समजून घेतली तर पेशंटसमोर उभं राहून घ्यायचे निर्णय बदलतात.

पार्श्वभूमी

आप्पा, वय पंचावन्नच्या पुढं, कोरडवाहू पाच एकर, सगळा कापूस. फेब्रुवारीत वेचणी संपून पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटायचं काम चालू होतं, काही उपटल्या, काही कोयत्याने तोडल्या, आणि तोडलेल्या पऱ्हाटीचं खुंट म्हणजे खिळाच असतो, तिरपा आणि टोकदार. ते चपलेतून आरपार तळव्यात घुसलं. रक्त फार आलं नाही. काकूंनी हळद भरली, फडकं बांधलं, दुसऱ्या दिवशी आप्पा परत शेतात. चार-पाच दिवसांत जखम वरून मिटली आणि सगळे विसरले.

आप्पांचा जन्म साठच्या दशकातला. तेव्हा खेड्यात लहान मुलांना धनुर्वाताची लस द्यायचा सरकारी कार्यक्रमच नव्हता, तो १९७८ ला सुरू झाला आणि १९८५ नंतर खऱ्या अर्थाने पसरला. बायकांना निदान गरोदरपणात टीटी, म्हणजे धनुर्वाताच्या लसीचं इंजेक्शन, मिळायचं, काकूंना तीन वेळा मिळालेलं. आप्पांना आयुष्यात एकदाही नाही. आपल्याकडच्या पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांची ही कॉमन गोष्ट आहे आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

अडचण, आणि माझी पहिली चूक

खुंट लागल्याच्या अकराव्या दिवशी संध्याकाळी आप्पा ओपीडीत आले. "डॉक्टर, तोंडच उघडस नही." दोन बोटं जेमतेम जात होती. तीस वर्षं तंबाखू-चुना, खालची एक दाढ पूर्ण किडलेली, त्या बाजूला थोडं दुखतही होतं. आमच्या भागात तंबाखू आणि गुटख्यामुळे तोंड न उघडणारे पेशंट रोज येतात, मी दाढेचं इन्फेक्शन धरलं, अँटिबायोटिक आणि दुखण्याची गोळी दिली, सकाळी दातांच्या डॉक्टरांकडे जा म्हटलं. काही लागलं होतं का हे विचारलं नाही. पाय बघितला नाही. बाहेर पंधरा पेशंट बसलेले होते हे खरं, पण तो प्रश्न विचारायला दहा सेकंद लागतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी दातांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन परत पाठवलं, चिठ्ठीत एकच ओळ होती, दाढेने एवढं होत नाही, मान बघा. मान बघितली तर हनुवटी छातीकडे येतच नव्हती. पोट फळीसारखं कडक. पाणी गिळताना ठसका. भुवया वर ओढलेल्या, ओठांचे कोपरे ताणलेले, लांबून बघणाऱ्याला वाटावं माणूस हसतोय, आणि डोळ्यांत मात्र भीती. पूर्ण शुद्धीवर, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दातांतून देत होते. तेवढ्यात आतल्या खोलीत स्टीलचा ट्रे खाली पडला आणि आप्पांची पाठ खाटेवरून वर उचलली गेली, टाचा आणि डोकं तेवढं टेकलेलं. पाच-सात सेकंद. आपल्या जुन्या लोकांनी या आजाराला धनुर्वात का म्हटलं ते त्या क्षणी समोर दिसत होतं.

तरी खात्री करायला चपटी पट्टी घशाच्या मागच्या भिंतीला लावून बघितली. साध्या माणसाला उमासा येतो आणि तो पट्टी बाहेर ढकलतो, धनुर्वातात जबडा उलट पट्टीवरच आवळला जातो. मुंबईच्या डॉक्टरांनी ४०० पेशंटवर ही टेस्ट करून १९९५ ला छापलं होतं, धनुर्वात असलेल्या शंभरातल्या ९४ जणांत ती बरोबर सांगते आणि नसलेल्यात खोटी येत नाही. आप्पांनी पट्टी चावली. मग पाय बघितला. डाव्या तळव्यावर मिटलेला काळसर ठिपका, दाबल्यावर कडक.

असंच दिसणाऱ्या दोन-तीन गोष्टी मनात तपासल्या. उलटी थांबवायच्या काही औषधांनी मान-जबडा वाकडा होतो, पण आप्पांनी तसलं काही घेतलं नव्हतं. कुचल्याच्या विषबाधेत अगदी असेच झटके येतात, फरक एवढाच की तिथे दोन झटक्यांच्या मध्ये अंग सैल पडतं, धनुर्वातात मधल्या वेळातही कडकच राहतं.

पेशीच्या आत काय चाललं होतं

इथे थोडं थांबतो, कारण पुढचे सगळे निर्णय यावर आहेत.

नस पुढच्या पेशीला निरोप देते तो रसायनाने. ते रसायन बारीक थैल्यांमध्ये भरलेलं असतं, त्या म्हणजे व्हेसिकल, पुस्तकात पुटिका म्हणतात. नसेतली एक व्हेसिकल सुमारे ४० नॅनोमीटरची, आपल्या केसाच्या जाडीत दीड-दोन हजार एका रांगेत मावतील. पेशीत सतत अशा असंख्य थैल्या इकडून तिकडे जात असतात, आणि कुठली कुठे जायची हे ठरलेलं असतं. त्यासाठी पत्ता लागतो. हे काम मुख्यतः रॅब नावाची प्रोटीन करतात, माणसात साठाहून जास्त प्रकारची आहेत. थैलीवर कुठला रॅब आहे ते ओळखून लांब दोऱ्यांसारखी दुसरी प्रोटीन तिला धरतात आणि योग्य पडद्याजवळ आणतात.

पण जवळ आली म्हणजे उघडली असं नाही. दोन पडदे आपोआप एकमेकांत मिसळत नाहीत, त्यांच्या मधलं पाणी आणि त्यांचे चार्ज त्यांना लांब ठेवतात. त्यांना खेचून एकत्र आणायला स्नेअर प्रोटीन लागतात. थैलीवर सिनॅप्टोब्रेविन, एका थैलीवर साधारण सत्तर. समोरच्या पडद्यावर सिन्टॅक्सिन आणि स्नॅप-२५. हे तिघं एका टोकापासून एकमेकांत गुंफत जातात आणि चार पदरांचा पीळ बसतो (स्नॅप-२५ चे पदर दोन), तो आवळत जाताना दोन्ही पडदे इतके जवळ येतात की एक होतात. नसेत शेवटच्या क्षणी ते रोखून धरलेलं असतं, कॅल्शियम आत आलं की सिनॅप्टोटॅग्मिन नावाच्या प्रोटीनला ते कळतं आणि एक मिलिसेकंदाच्या आत रसायन बाहेर. नंतर एनएसएफ नावाचं प्रोटीन एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करून तो पीळ सोडवतं, परत वापरायला. या सगळ्या यंत्रणेच्या शोधासाठी रॉथमन, शेकमन आणि सुडहोफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं.

आता धनुर्वाताचं विष. जंतूचे बीजाणू मातीत, शेणात असतातच. जखम वरून मिटते, आत लाकडाचा तुकडा, हवा नाही, तिथे ते वाढतात आणि विष सोडतात. ते विष रक्तातून सगळीकडच्या स्नायूंपाशी जातं, तिथे नसेच्या टोकाला चिकटतं आणि नस त्याला स्वतःच थैलीत भरून आत घेते. पुढे ही थैली नसेतून उलट्या दिशेने मज्जारज्जूकडे निघते, आधी रॅब-५ चा पत्ता, मग रॅब-७ चा. म्हणजे विष पेशीच्याच गाडीने, पेशीच्याच पत्त्यावर प्रवास करतं. जबड्याच्या नसा छोट्या, तिथून अंतर कमी, म्हणून दातखिळी बहुतेक वेळा सगळ्यात आधी बसते.

मज्जारज्जूत पोचल्यावर विष त्या नसेतून बाहेर पडून शेजारच्या ब्रेक लावणाऱ्या नसेत शिरतं. तिथल्या थैलीत आम्लता वाढली की विषाचा छोटा तुकडा पडदा भेदून पेशीच्या रसात येतो. हा तुकडा म्हणजे झिंकवर चालणारी कात्री. तो सिनॅप्टोब्रेविन कापतो, एकाच ठिकाणी, ७६ आणि ७७ नंबरच्या अमिनो आम्लांच्या मध्ये. इटलीतल्या पादुआच्या संशोधकांनी हे १९९२ ला दाखवलं, आणि हे प्रोटीन थैली उघडायला लागतंच लागतं हे त्या विषामुळेच पक्कं झालं.

कापल्यावरही थैल्या येतात. पडद्याला येऊन टेकतात. पत्ता शाबूत आहे, माल भरलेला आहे, पण पीळच बसत नाही म्हणून ग्लायसीन आणि गाबा ही ब्रेकचा निरोप नेणारी रसायनं बाहेर पडत नाहीत. ब्रेकचा निरोपच नाही. मग ट्रे पडला तरी अंगातले सगळे स्नायू एकदम आवळतात, हात वाकवणारे आणि सरळ करणारे दोन्ही. कुचला हाच ग्लायसीनचा निरोप पलीकडच्या बाजूने अडवतो, म्हणून तो असाच दिसतो.

बोटुलिनमचं बी प्रकारचं विष नेमकं याच प्रोटीनला, याच जागी कापतं. पण ते मुख्यतः स्नायूपाशीच राहतं, तिथला हालचालीचा निरोप बंद करतं आणि माणूस लुळा पडतो. कात्री तीच, काप तोच, फक्त कुठे उतरली यावर आजार उलटा. पत्त्याचं महत्त्व कुणाला समजावायचं असेल तर मला याच्याइतकं चांगलं उदाहरण माहीत नाही.

पेशंटच्या दृष्टीने यातलं एकच वाक्य महत्त्वाचं: अँटिबॉडी पेशीच्या आत जात नाही. बाहेर फिरणारं विष धरता येतं, आत शिरलेलं नाही.

समोर काय पर्याय होते

पहिला, आप्पांना इथेच ठेवून टिटॅनस इम्युनोग्लोब्युलिन, ज्याला आम्ही टीआयजी म्हणतो, म्हणजे या विषाला धरणाऱ्या तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन, ते शहरातून मागवायचं. गावातल्या एकाही मेडिकलमध्ये नव्हतं, कुणी मोटरसायकलवर गेलं तरी येऊन-जाऊन तीन तास. पण माझ्याकडे व्हेंटिलेटर नाही, घसा आवळला तर मी काहीच करू शकलो नसतो.

दुसरा, घोड्याच्या रक्तापासून केलेलं जुनं सीरम, ते जवळच मिळत होतं. त्याची अ‍ॅलर्जी जोरात येऊ शकते, आणि झटके येणाऱ्या माणसाला ती आली तर सांभाळायची सोय नव्हती.

तिसरा, ताबडतोब मोठ्या सरकारी हॉस्पिटलला हलवायचं. यात भीती रस्त्याची. प्रत्येक धक्का, प्रत्येक हॉर्न म्हणजे झटका.

निर्णय फिरवणारी गोष्ट एकच होती. पहिलं लक्षण आणि पहिला मोठा झटका यात ४८ तासांपेक्षा कमी वेळ असेल तर आजार जोरात जाणार असं धरतात. आप्पांचं अंतर विसेक तासांचं. म्हणजे व्हेंटिलेटर लागणार हे जवळजवळ नक्की. तिसरा पर्याय घेतला.

काय केलं

आधी फोन करून टीआयजी तिथे शिल्लक आहे ना ते विचारून घेतलं, आहे म्हटल्यावरच निघालो. शिरेतून डायझेपाम दिलं. डायझेपाम थैल्या उघडत नाही, पण जो थोडाफार गाबा अजून बाहेर पडतोय त्याचा परिणाम वाढवतं. डोळ्यांवर दुपट्टा. कानात कापूस. काकूंनी तो पिशवीतून काढला, घरचाच, सरकी काढलेला, आणि स्वतःच्या हाताने बसवला. १०८ मध्ये मी सोबत बसलो, ड्रायव्हरला सायरन बंद ठेवायला सांगितला. तरी गतिरोधकांवर चार झटके आले.

तिथे टीआयजी ५०० युनिट स्नायूत दिलं, जुन्या पुस्तकांत ३,००० ते ६,००० लिहिलेलं असतं, आता ५०० चा एक डोस पुरेसा मानतात. अँटिबायोटिक म्हणून मेट्रोनिडाझोल चालू केलं, पेनिसिलिन नको कारण ते स्वतःच गाबाच्या कामात अडथळा आणतं. मग तळवा उघडला. आतून तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा काळा लाकडाचा तुकडा निघाला आणि घाण वास आला. बस्स, एवढासा तुकडा.

दुसऱ्या रात्री गळ्याला छिद्र करून नळी टाकली, व्हेंटिलेटर लावला, मॅग्नेशियमची ड्रिप सुरू झाली. मॅग्नेशियम नसेच्या टोकात कॅल्शियम शिरू देत नाही, म्हणजे स्नायूंना आवळायला लावणाऱ्या थैल्याही कमी उघडतात. व्हिएतनाममध्ये २५६ पेशंटवर अभ्यास झाला होता, २००६ ला आला, त्यात व्हेंटिलेटरची गरज टळली नाही पण बाकीची औषधं कमी लागली.

पाचवा दिवस

माझ्या मते या केसचा खरा वळणाचा दिवस हा. रविवार होता, आप्पांच्या मुलाचा सकाळीच फोन आला. "पाच दिन व्हई ग्यात डॉक्टर, इंजेक्शन लागूच पडस नही." झटके कमी व्हायचे सोडून वाढलेत, नातेवाईक म्हणतात घरी न्या, एक जण भगताकडे जाऊन आलाय, सही करून नेतो म्हणाला.

गेलो. तिथले डॉक्टर चांगले, पण त्यांच्याकडे एवढे पेशंट की समजवायला वेळ कुठला. बाहेर पायरीवर बसलो. मुलगा ट्रॅक्टर चालवतो, पहाटे गारठा म्हणून जर्किन घातलेलं. मी म्हटलं, दादा, जर्किन काढ. त्याची चेन उघडली, एक बाजू त्याच्या हातात दिली, एक माझ्या. म्हटलं, तुझ्याकडची बाजू औषधाच्या थैलीवर आहे, माझ्याकडची दारावर. चेन खालून लागत गेली की दोन्ही कापडं ओढली जाऊन चिकटतात, तशी थैली दाराला चिकटून उघडते आणि अंग सैल पडायचा निरोप बाहेर येतो. त्या विषाने तुझ्या बाजूचे दात कापलेत.

"मग इंजेक्शनने काय केलं?"

"जे विष अजून बाहेर फिरत होतं ते धरलं. त्याला नवीन दात कापू दिले नाहीत. पण इंजेक्शनच्या आधी जे नसेत शिरलं, वाटेत होतं, ते आता पोचतंय. म्हणून झटके वाढलेले दिसतात."

"आणि कापलेली चेन?"

"ती शिवायचं औषध नाही. शरीर स्वतःच नवी शिवतं. तीन-चार आठवडे लागतात. तोपर्यंत श्वास मशीन देणार, झटके औषध दाबणार, आपण नळी मोकळी ठेवायची आणि थांबायचं."

तो बराच वेळ ती चेन वर-खाली करत बसला. मग विचारलं, "आप्पाले आयकू येस का?" म्हटलं, सगळं ऐकू येतं, झोपेचं औषध थोडं कमी झालं की सगळं कळतं, म्हणून खाटेजवळ रडायचं नाही, भांडायचं नाही, हळू बोलायचं. त्याने सही केली नाही. आत जाऊन आप्पांच्या पायाशी उभा राहिला.

पुढे काय झालं

दुसरा आठवडा सगळ्यात वाईट गेला. झटके आटोक्यात आले पण बीपी एका तासात २०० च्या वर आणि पुढच्या तासात ८० च्या खाली, कारण अ‍ॅड्रेनालिन सोडणाऱ्या नसांचाही ब्रेक गेलेला असतो. मॅग्नेशियम तिथे उपयोगी पडलं. एकदा न्यूमोनिया झाला. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी कडकपणा हळूहळू उतरला, चोविसाव्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला, अडतिसाव्या दिवशी आप्पा घरी आले, वजन खूप उतरलेलं, काठी घेऊन.

परत अशी केस आली तर

तोंड उघडत नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाला आता मी एक प्रश्न विचारतोच, गेल्या तीन आठवड्यांत काही लागलं, टोचलं का, आणि मान वाकवून बघतो, पट्टी लावून बघतो. तंबाखू खाणारा असला तरी. तंबाखूने तोंड महिनोन्‌महिने हळूहळू बंद होतं, एका दिवसात नाही, हा फरक मला माहीत होता आणि त्या संध्याकाळी मी तो वापरला नाही. माझ्यामुळे टीआयजीला जवळजवळ एक दिवस उशीर झाला. तो दिवस वाचला असता तर व्हेंटिलेटर टळला असता असं मी म्हणणार नाही, बरंचसं विष तोवर आत गेलेलं असणार. पण त्या दिवसात जेवढं नव्याने शिरलं ते अडवता आलं असतं.

घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं की इंजेक्शननंतरही आठवडाभर तब्येत बिघडत जाईल. ते आम्हाला माहीत होतं आणि कुणीच बोललं नाही, म्हणून पाचव्या दिवशी त्यांना वाटलं औषध फेल गेलं. हलवायचा निर्णय मात्र मी परत तोच घेईन, आणि टीआयजी आहे का ते निघायच्या आधी विचारायची सवयही सोडणार नाही.

एक गोष्ट सगळ्यांच्या हातून सुटते. धनुर्वात होऊन बरा झालेला माणूस पुढच्या वेळी सुरक्षित नसतो. जीव घ्यायला जेवढं विष लागतं ते इतकं थोडं असतं की शरीराला त्याची ओळखही पटत नाही. त्यामुळे लस द्यावीच लागते. आता टीटीच्या जागी टीडी मिळतं, त्यात घटसर्पाचंही संरक्षण असतं. आप्पांना पहिला डोस डिस्चार्जच्या आधी दिला, दुसरा चार आठवड्यांनी माझ्याकडे, तिसरा सहा महिन्यांनी. पऱ्हाट्यांच्या कामाला येणाऱ्या मजुरांनाही त्यांच्या मुलाने पुढच्या हंगामाआधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून आणलं, सतरा जण, त्यातल्या चौदा जणांना मोठं झाल्यावर एकदाही लस घेतल्याचं आठवत नव्हतं.

दुसऱ्या डोसला आले तेव्हा मी काही विचारायच्या आधीच आप्पांनी तोंड उघडून दाखवलं. तीन बोटं आरामात गेली. मग त्यांना खाटेवर बसवून चपला काढायला लावल्या आणि दोन्ही तळवे बघितले.